साध्या रोल-कॅमेऱ्यातून पॅनोरमा

नव्वदच्या दशकात बाजारात आलेल्या कित्येक लहान, स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या पाठीवर किंवा माथ्यावर एक छोटीशी सरकती कळ असे. तिच्या एका टोकाला साध्या चौकटीचे, तर दुसऱ्या टोकाला लांबट पट्टीचे चिन्ह कोरलेले असे. कळ पट्टीकडे सरकवून फोटो काढला की लॅबमधून हाती पडणारे छायाचित्र साडेतीन इंच उंच आणि तब्बल दहा इंच लांब निघे. गडावरून दिसणारा डोंगरांचा पसारा, समुद्राची क्षितिजरेषा किंवा लग्नातली पंगत त्या लांबलचक कागदावर पाहिली, की कॅमेऱ्याने नेहमीपेक्षा काही अधिक टिपले आहे असा कोणाचाही समज होई. प्रत्यक्षात त्याने नेहमीपेक्षा कमी टिपलेले असे.

रोलचे हे छोटे कॅमेरे आज पुन्हा कपाटांतून बाहेर येऊ लागले आहेत. कोणी हौसेने जुन्या बाजारातून ते विकत घेतो, कोणाला वडिलांच्या कपाटात अर्धवट संपलेल्या रोलसह सापडतो. त्यावरची ती पट्टीची कळ अनेकांना खुणावते. ती नेमके काय करते आणि तिच्याशिवायही त्याच कॅमेऱ्यातून खरेखुरे विस्तीर्ण छायाचित्र कसे मिळू शकते, हे रोल भरण्यापूर्वी समजून घेतलेले बरे. रोल, धुलाई आणि प्रिंट यांचा खर्च आता पूर्वीसारखा किरकोळ राहिलेला नाही.

कळ सरकवल्यावर काय होते?

३५ मिलिमीटरच्या फिल्मवर साधे छायाचित्र ३६ मिलिमीटर रुंद आणि २४ मिलिमीटर उंच असते. पॅनोरमाची कळ सरकवली की फिल्मच्या पुढे वरून आणि खालून एकेक पडदा येतो व उंची २४ वरून सुमारे १३ मिलिमीटरवर येते. रुंदीत काडीचाही फरक पडत नाही. ३५ मिलिमीटर केंद्रांतराचे भिंग आडव्या दिशेने सुमारे ५४ अंशांचा प्रदेश पाहते. कळ सरकवण्यापूर्वी ते ५४ अंश पाहत होते आणि सरकवल्यानंतरही तेवढेच पाहते. फक्त आकाशाचा वरचा आणि पायाखालच्या जमिनीचा भाग वगळला जातो आणि जवळजवळ निम्मी फिल्म प्रकाश न लागताच वाया जाते.

उरलेली चिंचोळी पट्टी मग लॅबमध्ये सातपट मोठी केली जाई. नेहमीचे सहा बाय चार इंचांचे प्रिंट करताना निगेटिव्ह साधारण सव्वाचारपट मोठे होते. त्यामुळे प्लॅस्टिकच्या भिंगाचा मऊपणा, हात हलल्याची धूसरता आणि फिल्मचे कण, जे सहा बाय चारमध्ये दिसतही नसत, ते लांब प्रिंटमध्ये लगेच डोळ्यांत भरत. शिवाय प्रत्येक लॅबकडे असे लांब प्रिंट काढण्याची सोय नसे. तेथून साध्या आकाराचे प्रिंट येई आणि त्याच्या वर-खाली दोन काळे पट्टे असत. जुन्या अल्बममध्ये असे काळ्या पट्ट्यांचे फोटो सापडले, तर तो धुलाईतला दोष समजू नये. कोणाचे तरी बोट त्या कळीला लागलेले असते.

सर्वच कॅमेऱ्यांना एका मापाने मोजणे मात्र योग्य नाही. कोडॅकने १९८९ मध्ये ‘स्ट्रेच ३५’ हा एकदाच वापरून लॅबला परत द्यायचा कॅमेरा आणला. त्यातही पडद्यांचीच युक्ती होती, पण भिंग २५ मिलिमीटरचे होते. म्हणजे त्याला ७० अंशांहून अधिक रुंद प्रदेश दिसत असे. मिनोल्टाच्या ‘रिवा पॅनोरमा’मध्ये तर २४ मिलिमीटरचे भिंग होते. हे कॅमेरे पट्टी कापत, पण मुळात पाहतही अधिक. या वर्गातला सर्वांत प्रामाणिक कॅमेरा मात्र ज्याच्यावर पॅनोरमाची कळच नाही असा आहे. ‘व्हिव्हिटार अल्ट्रा वाइड अँड स्लिम’ हे हातात घेतल्यावर खेळण्यासारखे वाटणारे, पोकळ प्लॅस्टिकचे यंत्र आहे. त्याचे भिंग २२ मिलिमीटरचे असून ते ७८ अंशांहून अधिक प्रदेश पूर्ण उंचीच्या चौकटीत टिपते. पट्टी हवी असेल तर प्रिंट हाती आल्यावर ती कात्रीने किंवा संगणकावर कापता येते. क्षितिज वर ठेवायचे की खाली, हे तेव्हा शांतपणे ठरवता येते. कॅमेऱ्याने आधीच कापलेले मात्र कशानेही परत मिळत नाही.

जुन्या फोटोंच्या दृष्टीने येथे एक फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. १९९६ मध्ये कोडॅक, फुजी, कॅनन, मिनोल्टा आणि निकॉन यांनी मिळून ‘एपीएस’ नावाची लहान फिल्म बाजारात आणली. तिच्या कॅमेऱ्यांवरही पॅनोरमाची निवड होती, परंतु तेथे पडदे नव्हते. निगेटिव्हवर नेहमी संपूर्ण चौकटच उमटे आणि ‘याचे लांब प्रिंट काढावे’ एवढी सूचना फिल्मवर नोंदवली जाई. प्रिंट काढताना लॅबचे यंत्र ती सूचना वाचून चौकट कापत असे. कोडॅकने एपीएस कॅमेरे बनवणे २००४ मध्ये थांबवले आणि २०११ मध्ये या फिल्मचे उत्पादनही संपले. ज्यांच्या घरी त्या काळातले लांब प्रिंट आणि एपीएसची बंद डबी आहे, त्यांना त्या डबीतील फिल्म स्कॅन करून घेतल्यास प्रिंटमध्ये न दिसलेले आकाश, पायऱ्या, कदाचित पुढे बसलेली मुलेही पाहायला मिळू शकतील. ३५ मिलिमीटरच्या पडदेवाल्या निगेटिव्हमध्ये ही आशा नाही. दोहोंतला फरक ओळखणे सोपे आहे. एपीएसची धुतलेली फिल्म पट्ट्या न कापता तिच्या मूळ डबीतच परत मिळत असे.

आठ पत्रे, एक शहर

एका दृष्टिक्षेपात न मावणारे दृश्य एका चित्रात बसवण्याची हौस कॅमेऱ्याहून जुनी आहे. ‘पॅनोरमा’ हा शब्द ग्रीक भाषेतील ‘सर्व’ आणि ‘दृश्य’ या अर्थांच्या दोन शब्दांपासून अठराव्या शतकाच्या अखेरीस घडवला गेला. रॉबर्ट बार्कर या चित्रकाराने प्रेक्षकांभोवती वर्तुळाकार पसरलेली प्रचंड चित्रे दाखवण्याच्या कल्पनेचे १७८७ मध्ये पेटंट घेतले होते. त्या चित्रांना हे नाव पडले.

छायाचित्रकारांनी ही हौस तुकडे जोडून भागवली. १८४८ मध्ये चार्ल्स फाँटेन आणि विल्यम पोर्टर यांनी अमेरिकेतील सिनसिनाटी शहराचा नदीकाठ आठ वेगवेगळ्या डॅगेरोटाइप पत्र्यांवर टिपला. कॅमेरा थोडा थोडा वळवत एकामागून एक पत्रे घेतले आणि शेजारी शेजारी ठेवले. हे पत्रे आजही सिनसिनाटीच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहेत. अलीकडे ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासले गेले, तेव्हा शहरातील मनोऱ्यावरच्या घड्याळातली वेळसुद्धा वाचता आली. हिंदुस्थानात फेलिचे बिएटो याने १८५८ मध्ये, उठावानंतरच्या काळात, जामा मशिदीवरून दिल्लीचे आणि कैसरबागेतून लखनौचे पॅनोरमा याच पद्धतीने केले. ओल्या रसायनाच्या काचा, प्रत्येक काच घेण्यापूर्वी लेपण्याची आणि घेतल्यावर लगेच धुण्याची धावपळ, आणि मग प्रिंट कडेला कड लावून चिकटवण्याचे काम असा तो सारा खटाटोप होता.

या सर्वांत समान गोष्ट ही, की प्रत्येक तुकडा ही एक संपूर्ण छायाचित्र-चौकट होती. पॅनोरमा जितका लांब, तितकी अधिक फिल्म किंवा काच त्याला लागे आणि तितका अधिक तपशील त्यात साठे. कॅमेऱ्यावरच्या कळीने हा हिशेब उलटा केला होता.

पुढे एकाच झटक्यात रुंद दृश्य घेणारे कॅमेरेही निघाले. १९०४ च्या ‘सर्कट’ कॅमेऱ्यात कॅमेरा तिवईवर स्वतःभोवती फिरे आणि आतली फिल्म त्याच वेगाने सरके. शाळांचे आणि पलटणींचे लांबच लांब समूह-फोटो त्यानेच घेतले जात. कॅमेरा फिरत असताना एका टोकाचा मुलगा मागून धावत जाऊन दुसऱ्या टोकाला उभा राही आणि एकाच फोटोत दोनदा हजेरी लावे. जपानचा ‘वाइडलक्स’ आणि रशियाचा ‘होरायझन’ यांत कॅमेरा स्थिर राहून नुसते भिंग फिरते. १९९८ मध्ये हॅसलब्लाड आणि फुजी यांनी मिळून काढलेल्या ‘एक्सपॅन’मध्ये साध्या ३५ मिलिमीटर फिल्मवर ६५ मिलिमीटर रुंद चौकट उमटते. यांतील बहुतेक यंत्रांच्या किमती सामान्य हौशी माणसाच्या आवाक्याबाहेर आहेत. स्वस्तात या जातीचे काही हवे असेल तर लोमोग्राफीच्या २०१० मधील ‘स्प्रॉकेट रॉकेट’ या प्लॅस्टिक कॅमेऱ्याचा उल्लेख करता येईल. तो फिल्मच्या काठावरील भोकांसकट ७२ मिलिमीटर रुंदीचे चित्र टिपतो. भोके चित्रात दिसतात, ती कोणाला आवडतात, कोणाला नाही.

परंतु घरातल्या साध्या कॅमेऱ्याने काम भागवायचे असेल, तर सिनसिनाटीचा मार्ग आजही खुला आहे.

उभा कॅमेरा, सात चौकटी

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याचे उदाहरण घेऊ. हा कडा सरळ नाही, आत वळलेला आहे. त्याच्या एका टोकाशी उभे राहिले की बाक घेत गेलेली संपूर्ण भिंत आणि तिच्यापलीकडे कोकणाचा पट डोळ्यांसमोर येतो. साध्या कॅमेऱ्याच्या ५४ अंशांत यातले फार तर एक तृतीयांश मावते. घरी आल्यावर ‘हा कोकणकडा’ म्हणून दाखवलेला फोटो कोणत्याही डोंगराचा वाटतो, याचे कारण हेच. तेथे कड्याचा बाक हाच विषय असतो आणि तोच नेमका चौकटीबाहेर राहतो.

येथे कॅमेरा आडवा न धरता उभा धरावा. चौकटीची संख्या वाढते, पण उंची ३६ मिलिमीटरची मिळते आणि दरीचा तळ व ढग दोन्ही हाती येतात. ३५ मिलिमीटरचे भिंग उभ्या चौकटीत आडव्या दिशेने सुमारे ३८ अंश पाहते. लगतच्या दोन चौकटींत किमान एक तृतीयांश भाग सामाईक असायला हवा. म्हणजे दर वेळी कॅमेरा सुमारे २५ अंश वळवायचा. अर्ध्या वर्तुळासाठी सात चौकटी पुरतात, पूर्ण वर्तुळाला चौदा-पंधरा लागतात. ३६ फोटोंच्या रोलमध्ये असे अर्धवर्तुळाचे पाच पॅनोरमा बसतात. हे प्रमाण कोणाला उधळेपणाचे वाटेल, पण कळ सरकवून ३६ अर्धे फोटो काढण्यापेक्षा हा सौदा बरा आहे.

अंश मोजायला कोनमापक लागत नाही. व्ह्यूफाइंडरमध्ये उजव्या कडेपासून एक तृतीयांश आत दिसणारी एखादी खूण, झाड, सुळका किंवा ढगाचे टोक, लक्षात ठेवावी आणि कॅमेरा वळवून तीच खूण डाव्या कडेजवळ आणावी. स्वस्त कॅमेऱ्यांचा व्ह्यूफाइंडर नेमका नसतो. बहुतेकांत तो फिल्मवर उमटणाऱ्या भागापेक्षा थोडे कमीच दाखवतो आणि तो भिंगाच्या बाजूला असल्याने जवळच्या वस्तू सरकलेल्या दिसतात. म्हणून सामाईक भाग ठेवताना हात आखडू नये. क्षितिज दर चौकटीत एकाच उंचीवर राहील याकडे मात्र लक्ष हवे. कॅमेरा हळूहळू खाली-वर होत गेला, तर जोडलेले चित्र जिन्यासारखे दिसते आणि कडा छाटताना निम्मी उंची जाते.

दुसरी काळजी वळण्याची. बहुतेक जण पाय रोवून उभे राहतात आणि कमरेतून वळतात. त्यामुळे कॅमेरा शरीराभोवती हातभर त्रिज्येचे वर्तुळ काढतो. एक डोळा मिटून बोट समोर धरावे आणि मान डावी-उजवीकडे सरकवावी. मागच्या भिंतीच्या तुलनेत बोट सरकताना दिसते. यालाच पॅरॅलॅक्स म्हणतात. दूरच्या डोंगरांना याने काही होत नाही, पण पायाजवळचा दगड किंवा कठड्याचा गज दोन चौकटींत दोन ठिकाणी उमटतो आणि जुळवता जुळत नाही. उपाय सोपा आहे. भिंगाच्या बरोबर खाली कॅमेऱ्याला दोरा बांधून त्याला एखादे लहान वजन, अगदी किल्ल्यांचा जुडगा, लटकवावा. जमिनीवर एक खूण करून वजन सतत त्या खुणेवर राहील अशा बेताने आपण कॅमेऱ्याभोवती फिरावे. तिवईपेक्षाही ही युक्ती अनेकदा सरस ठरते, कारण छोट्या कॅमेऱ्यांच्या तळाचे तिवईचे भोक बहुधा भिंगाच्या रेषेत नसते. मात्र कड्याच्या काठावर डोळा कॅमेऱ्याला लावून गोल फिरण्याचे धाडस कोणी करू नये. काठापासून चार पावले मागे, बसून, हे काम तितकेच चांगले होते.

प्रकाशाची वेळ निवडता आली तर निवडावी. १८० अंशांच्या दृश्यात सूर्य एखाद्या चौकटीत शिरण्याचा संभव मोठा असतो आणि स्वस्त भिंगाला तो सोसत नाही. सगळे चित्र दुधाळ होते. कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी सूर्य पाठीशी असतो, पण भिंत सावलीत असते. दुपारनंतर भिंत उजळते, पण सूर्य समोर येतो. विखुरलेल्या, सारख्या प्रकाशाचा ढगाळ दिवस पॅनोरमाला सर्वांत मानवतो आणि सह्याद्रीत त्याची वाण नाही. फक्त ढग वेगाने धावत असतील तर चौकटीही वेगाने घ्याव्या लागतात. समुद्राच्या लाटा, रहदारी, माणसे यांचेही तसेच. मलबार हिलवरून मरिन ड्राइव्हचा बाक घेताना पहिल्या चौकटीतली बस दुसऱ्या चौकटीतही येऊन बसते. माणूस किंवा वाहन सामाईक भागात नसेल अशा क्षणी कळ दाबायची, एवढे पाळले तर पुढचे काम हलके होते.

स्वस्त कॅमेऱ्याची सोय

जोडकामातली सर्वांत मोठी अडचण प्रकाशमानाची. स्वयंचलित कॅमेरा दर चौकटीला नव्याने प्रकाश मोजतो. आकाश अधिक असेल तेथे तो कमी प्रकाश आत घेतो, काळी भिंत समोर आली की अधिक घेतो. परिणामी एकच ढग एका चौकटीत पांढरा आणि शेजारच्या चौकटीत राखाडी उमटतो. महागड्या कॅमेऱ्यात हे मापन हाताने बांधून ठेवता येते. छोट्या स्वयंचलित कॅमेऱ्यात बहुधा नाही. कळ अर्धी दाबून धरल्यास काहींत मापन स्थिर राहते, पण फोटो निघाला की तेही सुटते.

आणि येथे किमतीची उतरंड उलटी होते. ज्याच्यात प्रकाशमापकच नाही, ज्याचे अॅपर्चर आणि शटरचा वेग कारखान्यातच ठरवून टाकलेला आहे असा सर्वांत स्वस्त कॅमेरा पॅनोरमासाठी सर्वांत भरवशाचा असतो. वर उल्लेखिलेला व्हिव्हिटार त्याच जातीचा, एकदाच वापरायचे कॅमेरेही त्याच जातीचे. त्यांना काही ठरवताच येत नसल्याने सातही चौकटींना अगदी सारखा प्रकाश मिळतो. फक्त फिल्म हवामान पाहून भरावी लागते. भर उन्हात १०० किंवा २०० आयएसओची, ढगाळ दिवशी ४०० ची. रंगीत निगेटिव्ह फिल्म जादा प्रकाश बराच सोसते, कमी प्रकाश मात्र सोसत नाही. शंका असेल तेव्हा अधिक वेगवान फिल्म घ्यावी. स्लाइड फिल्मला ही सहनशीलता नसते. ती या कॅमेऱ्यांत न भरलेलीच चांगली.

स्वयंचलित कॅमेराच हाताशी असेल तर बाकीच्या गोष्टी तरी बांधून घ्याव्यात. झूम असल्यास ते सर्वांत रुंद टोकाला ठेवून मध्ये हलवू नये. डोंगराचे चिन्ह असलेली दूरदृश्याची कळ असेल तर ती दाबावी. फ्लॅश बंद करावा. ऑलिंपसच्या ‘म्यू-२’सारख्या काही कॅमेऱ्यांत सरकते झाकण मिटले की फ्लॅश पुन्हा स्वयंचलित होतो, म्हणून मालिका पूर्ण होईपर्यंत झाकण मिटू नये. कोपऱ्यात नारिंगी आकड्यांनी उमटणारी तारीखही बंद करावी. ती राहूनच गेली तर प्रिंट हाताने जोडताना प्रत्येक उजवा फोटो डाव्यावर ठेवावा. बहुतेक कॅमेरे तारीख उजव्या खालच्या कोपऱ्यात छापतात, त्यामुळे शेवटची सोडून बाकी सर्व तारखा झाकल्या जातात.

चौकटी फिल्मवरच एकमेकींत मिसळून अखंड चित्र मिळवता येईल का, असा प्रश्न काहींना पडतो. ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यात ते सहसा जमत नाही. फोटो काढल्यावर फिल्म आठ भोके, म्हणजे ३८ मिलिमीटर, पुढे सरकते आणि मगच अडते. दोन चौकटींत दोन मिलिमीटरची फट राहतेच. ‘होल्गा’सारख्या १२० फिल्मच्या प्लॅस्टिक कॅमेऱ्यात मात्र फिल्म सरकवणे आणि कळ दाबणे या दोन स्वतंत्र क्रिया आहेत. तेथे फिल्म अर्धीच सरकवून पुढचा फोटो काढला की दोन चित्रे एकमेकांत विरघळतात. नेमकेपणा त्यात शून्य, पण परिणाम कधी कधी विलक्षण असतो.

लॅब आणि संगणक

रोल लॅबमध्ये टाकताना दोन वाक्यांची सूचना लिहून देणे फायद्याचे ठरते. लॅबचे यंत्र प्रत्येक निगेटिव्ह स्वतंत्रपणे तपासून त्याचा उजळपणा आणि रंग सुधारते. एरवी ही सुधारणा उपकारक असते. पॅनोरमाच्या चौकटींना मात्र ती मारक ठरते, कारण कॅमेऱ्याने सारखा ठेवलेला प्रकाश यंत्र पुन्हा विषम करून टाकते. ‘या फोटोंना दुरुस्ती न करता सर्व एकाच सेटिंगवर प्रिंट किंवा स्कॅन करावेत’ असे सांगितल्यास समजूतदार लॅबचालक ते करतो. स्कॅन घरी करत असल्यास स्कॅनरचीही स्वयंचलित दुरुस्ती बंद ठेवावी.

क्रमाविषयी आणखी एक गोष्ट. काही छोटे कॅमेरे आणि एकदाच वापरायचे कॅमेरे सर्व फिल्म आधीच डबीबाहेर गुंडाळून ठेवतात आणि दर फोटोगणिक ती डबीत परत घेतात. अशा रोलवर पहिला फोटो शेवटच्या क्रमांकाशी असतो. मालिका डावीकडून उजवीकडे घेतलेली असूनही निगेटिव्हवर ती उलट्या क्रमाने दिसते आणि जुळवणारा बुचकळ्यात पडतो.

संगणकावर जोडण्याचे काम आता फारच सोपे झाले आहे. हेल्मुट डेर्श यांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तयार केलेल्या ‘पॅनोरमा टूल्स’वर आधारलेले ‘हगिन’ हे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. दोन चौकटींतील समान बिंदू ते स्वतः शोधते, भिंगाची वक्रता दुरुस्त करते, चौकटींमधला उजळपणाचा फरकही बराचसा मिटवते. स्वस्त भिंगांचे कोपरे काळवंडलेले असतात. त्यामुळे साध्या जोडकामात आकाशात दर सांध्याशी एक सावली लाटेसारखी दिसते. हगिनमध्ये तिचीही दुरुस्ती आहे. तरी अशा भिंगांसाठी सामाईक भाग एक तृतीयांशाऐवजी निम्म्याजवळ ठेवला, तर कोपरे वापरावेच लागत नाहीत.

जोडताना प्रक्षेपणाचा प्रकार निवडावा लागतो, तेथे नवखा अडखळतो. पृथ्वीचा नकाशा सपाट कागदावर काढताना जी अडचण येते तीच ही. सरळ रेषा सरळ ठेवणारे प्रक्षेपण शंभर-सव्वाशे अंशांपलीकडे कडा ताणून विद्रूप करते. दंडगोलाकार प्रक्षेपणात ताण नसतो, पण क्षितिज सोडून बाकीच्या आडव्या रेषा धनुष्यासारख्या वाकतात. डोंगरांना आणि समुद्राला दंडगोल चालतो. वाड्याची लांब दर्शनी भिंत घेतली असेल तर पसारा आवरता घेऊन सरळ प्रक्षेपण निवडावे.

फळ किती मिळते, याचा हिशेब उद्‌बोधक आहे. २४०० डीपीआयला स्कॅन केलेली एक उभी चौकट सुमारे २,२०० बिंदू रुंद आणि ३,४०० बिंदू उंच असते. सात चौकटी जोडल्यावर, सामाईक भाग वजा जाऊन आणि कडा छाटूनही, तीन कोटींहून अधिक बिंदूंचे चित्र हाती उरते. पडद्यांनी कापलेल्या पट्टीचे त्याच स्कॅनरवर जेमतेम चाळीस लाख बिंदू होतात. प्लॅस्टिकचे भिंग दोन्हीकडे तेच असते.

संगणक नसला तरी अडत नाही. सहा बाय चारचे प्रिंट टेबलावर पसरून, समान खुणा जुळवून एकमेकांवर ठेवले की पॅनोरमा तयार होतो. कडा जुळत नाहीत, रंग थोडे वेगळे दिसतात, वरची रेषा खालीवर होते. हे लपवण्याचा अट्टहास करण्याचे कारण नाही. ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनी यांनी ऐंशीच्या दशकात अशाच साध्या रंगीत प्रिंटांच्या उघड्या जोडणीतून आपली प्रसिद्ध चित्रे घडवली. लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयातील १९८६ चे ‘पेअरब्लॉसम हायवे’ हे त्यांचे चित्र शेकडो प्रिंटांचे आहे आणि त्यातला एकही सांधा झाकलेला नाही.

जोडण्यासाठी पारदर्शक चिकटपट्टी मात्र वापरू नये. कित्येक घरांत ट्रेकचे दोन-तीन फोटो मागून चिकटपट्टीने जोडून ठेवलेले असतात. काही वर्षांत पट्टी पिवळी पडते, तिचा डिंक कागदात झिरपतो आणि पुढे ती सोडवू गेल्यास प्रिंटचा पापुद्रा निघतो. फोटो जाड, आम्लविरहित कागदावर कोपऱ्यांच्या खाचांत बसवावेत. निगेटिव्हच्या पाकिटावर ठिकाण, वर्ष, चौकटींचे क्रमांक आणि डावीकडची पहिली चौकट कोणती हे पेन्सिलीने लिहून ठेवावे. पट्ट्या कापताना एका मालिकेच्या मध्येच कात्री चालली, तर वीस वर्षांनंतर त्या पुन्हा जुळवणाऱ्याला दुसरी खूण हाताशी नसते.